चाळीस बाटल्यांचे वाटे

आक्का, परवा तुमचा दहावा झाला आणि आज सकाळी मी पुन्हा तुमच्यावर चिडले. कारण काय, तर त्या चाळीस जणांची यादी. तुमच्या अक्षरात आहे ती, तुमच्या आशाताईच्या, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेच्या कामाच्या जुन्या रजिस्टरातल्या कागदावर, आणि अर्ध्या लोकांची आडनावंच नाहीत. 'वरल्या आळीची हौसा', 'हौसाचा दीर', 'तोच, पन थोरला'. आता सोनोग्राफीवाल्याला मी काय सांगू, 'तोच पन थोरला' असं नाव लिहून घ्या म्हणून? मोठ्यानं बडबडले, फोन हातात घेतला तुम्हाला झापायला, आणि मग ओट्याशी उभी राहून रडले. तुमचा दत्तू दारापर्यंत आला आणि परत गेला.

तुमच्यासमोर मी नवऱ्याला कायम 'तुमचा दत्तू' म्हणायचे, आणि तुम्हाला हसू यायचं. तसंच म्हणते. आता सवय कुठं बदलू.

मला काही कळेनासं झालंय, आक्का. तीस वर्षांत नणंदेला मी एक पत्र लिहिलं नाही. राजूरहून तुम्ही एसटीत बसलात की संगमनेरच्या स्टँडवरून थेट आमच्या घरी, पिशवीत नाचणीचं पीठ आणि जिभेवर गावभरच्या बातम्या. लिहायची वेळच कधी आली नाही. आज लिहितेय ते एवढ्यासाठी की एक गोष्ट तुमच्या दत्तूला सांगायची राहिलीय. ती सांगितली तर आमच्या दोघांचं पुढं काय होईल ते मला माहीत नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगते. ती तुम्हाला ठाऊक होती की नव्हती, हेही मला माहीत नाही.

सुरुवात तुमच्या गालातल्या हिरड्यापासून झाली, हे तर तुम्ही कबूल कराल. कधी बघावं तर तुमच्या गालात हिरड्याचा तुकडा. लहानपणी बाळहिरडा गोळा करत डोंगर पालथा घातलेला, त्यामुळं लाकडासारखी ती चीज तुम्हाला सुपारीसारखी गोड लागायची. मी तोंडात टाकला की जीभ आखडून जायची. "तुरट खाल्लं की पोट साफ, अन् पोट साफ की समदं साफ," हा तुमचा वैद्यकीय सिद्धांत. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलेली. स्टाफरूममध्ये सगळे हसत होते. विषय मिळत नव्हता, आणि तो तुमच्या गालात होता.

तुमच्याच ओट्यावर बसून मी तुम्हाला समजावलं होतं. हा जो तुरटपणा आहे ना, ती झाडाची फिनॉलिक द्रव्यं. कीड लागू नये, कुणी ओरबाडून खाऊ नये म्हणून झाड ती स्वतःसाठी करतं. आपल्या पोटात गेली तर ती जशीच्या तशी रक्तात फारशी उतरत नाहीत. आतड्यातले जीवाणू त्यांचे बारीक तुकडे करतात, आणि आतड्यातून निघालेलं रक्त पहिल्यांदा लिव्हरकडेच जातं. उंदरांमध्ये असं दिसलंय की त्या तुकड्यांनी लिव्हरची सूज कमी होते, गाठ धरायला वेळ लागतो. माणसांत तसं होतं का, ते अजून कुणी ठामपणे सांगू शकत नाही. त्यात पुन्हा गंमत अशी की ते तुकडे करणारे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे दानं घरात असून भागत न्हाई. दळनारी बाई पायजे."

पुण्याला माझ्या गाईडबाईंसमोर पहिलं सादरीकरण केलं तेव्हा मी हेच वाक्य बोलले. त्या खुर्चीतून पुढं झुकल्या. माझं काम मंजूर झालं ते तुमच्या त्या दळणाऱ्या बाईमुळं, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही आणखी चढून बसला असता, हे एक. आणि दुसरं म्हणजे मला वाटायचं, सांगू कधीतरी, आहे काय घाई.

चाळीस माणसं तुम्ही आठवड्यात जमवलीत. गावात आशाताई म्हणून तुमचा शब्द म्हणजे शब्द. दोन खेपांना जीप भरून सगळ्यांना संगमनेरला आणलं, पोटाचे फोटो काढले. तुम्ही सोनोग्राफीला तेच म्हणायचात, मग गावही तेच म्हणायला लागलं. ज्यांच्या लिव्हरवर चरबी साठलीय ती माणसं आम्हाला हवी होती. त्यात तुम्हीही निघालात. बारा वर्षांची शुगर होती तुम्हाला. तरी तुम्ही खवळलात. जन्मात दारूचा थेंब घेतला न्हाई, अन् लिव्हर माझंच कसं खराब, म्हणून त्या डॉक्टरला तुम्ही चांगलं अर्धा तास धारेवर धरलंत. चरबीला दारू लागत नाही, शुगर पुरते, असं तो बिचारा सांगत राहिला. तुमच्या रिपोर्टवर त्यानं एक ओळ जास्तीची लिहिली होती. लिव्हर थोडं खडबडीत दिसतंय, सहा महिन्यांनी पुन्हा पाहावं. मी म्हटलं, सहा महिन्यांनी तर सगळ्यांचाच दुसरा फोटो आहे, आपोआप होऊन जाईल. तो कागद माझ्या फायलीत गेला. दत्तूनं तो पाहिलाच नाही, मीही वेगळा दाखवला नाही.

मग शौचाच्या डब्या. त्यावरून किती हसलोय आपण. जीवाणू कुणाच्या पोटात कुठले आहेत ते बघायचं तर नमुना लागणारच, पण हे लोकांना सांगायचं कसं? मी चार ओळी पाठ करून आले होते, शास्त्रीय. तुम्ही सरळ डब्या वाटल्यात आणि म्हणालात, उद्या सकाळी भरून द्या, बाईंना दळनारी शोधायचीय. लशीच्या थंड पेटीत त्या चाळीस डब्या घालून तुम्ही एसटीत चढलात तेव्हा कंडक्टरनं विचारलं, मासळी हाय का. तुम्ही म्हणालात, व्हय, देऊ का थोडी? मी तोंडाला पदर लावून खिडकीकडे बघत बसले.

आता त्या कॅप्सुलांकडे येते. इथून पुढं मला नीट सांगता येत नाही, तरी सांगते.

निम्म्या बाटल्यांत हिरड्याचा अर्क भरलेल्या कॅप्सुला, निम्म्यांत नुसतं मक्याचं पीठ. बाहेरून सारख्या. बाटलीवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय, ते ना मला माहीत ना तुम्हाला, पुण्याच्या बाईंच्या कपाटात पाकिटात बंद. तुम्ही विचारलंत, मग कुनाला काय मिळनार ते ठरवतंय कोन? आणि मी, स्वतःला फार हुशार समजणारी मी, म्हटलं, आक्का, तुमच्याकडं वाटे घालतात ना तसंच.

तुमच्याकडं बोकड कापला की पळसाच्या पानांवर वाटे मांडतात. एक जण पाठ करून उभा राहतो, दुसरा वाट्यावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठ केलेला नाव घेतो. हात दाखवून कुणी चांगला वाटा उचलू शकत नाही. मला वाटलं, वा, झालं की आमचं शास्त्र. पाठ करून नाव घेणं एवढंच मला दिसलं. त्याच्याआधी वाटे कसे मांडतात, हे मी सोयीनं विसरले.

तुम्ही नाही विसरलात. बाटल्या पोचल्या त्याच दिवशी तुम्ही एक कॅप्सूल फोडून जिभेवर टाकलीत. मग दुसऱ्या बाटलीतली. सहा महिने जे मला कळू नये म्हणून आम्ही एवढा बंदोबस्त केला होता ते तुमच्या जिभेला दोन मिनिटांत कळलं. ही तुरट, ही मिळमिळीत. चाळीसही बाटल्या चाखल्यात. आणि मग अंगणात पळसाची पानं मांडलीत, प्रत्येक पानावर निम्म्या तुरट निम्म्या मिळमिळीत, आणि चाळीस वाटे घातलेत. चाखण्यात फुटलेल्या कॅप्सुला तुमच्या स्वतःच्या वाट्यातून वजा केल्यात, कारण वाटे घालणारानं शेवटचा वाटा घ्यायचा असतो.

दोन महिन्यांनी मी आले तेव्हा हौसाबाईनं मला हे कौतुकानं सांगितलं. आक्कानं समद्यांना सारखं दिलं म्हणाली, दुजाभाव केला न्हाई. मी जागच्या जागी बसले. मग उठले आणि तुमच्या अंगणात, पाच-सात बायका बघत असताना, तोंडाला येईल ते बोलले. माझी तीन वर्षं मातीत घातलीत म्हटलं. शिकलेलं नसलं की निदान हात तरी लावू नये म्हटलं. ते वाक्य माझ्या तोंडून गेलंय, आक्का, ते मला आता कुठूनही परत आणता येत नाही. तुम्ही चुलीपुढून उठून आलात, हात पुसलेत आणि एकदाच बोललात.

"कलेजी केवढीशी आसती, वैशाली. तरी परत्येक वाट्यात तिचा तुकडा पडतोच. निम्म्यांना देयाची अन् निम्म्यांना पीठ चारायचं, हे मला जमनार न्हाई. तू सांगितलं आस्तं तर आदीच न्हाई म्हनले आस्ते."

मी सांगितलं होतं हो. सगळं सांगितलं होतं, सह्या घेतल्या होत्या. पण वाट्याचं उदाहरण मीच दिलं होतं. या भांडणात कोण चुकलं, ते मी आजही ठरवू शकत नाही. वर्गात हा किस्सा सांगितला तर मुलं म्हणतील मॅडम बरोबर. गावात सांगितला तर गाव म्हणेल आक्का बरोबर. मी गाडीत बसून घरी आले.

आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून मी सोनोग्राफी सेंटरला फोन केला. काम बंद पडलंय म्हटलं, त्या चाळीस जणांची पुढची तारीख काढून टाका. मिनिटभराचा फोन. तारीख ठेवायला काय झालं होतं? अभ्यास बुडाला होता, माणसं नव्हती बुडाली. पण मला तुमची शिक्षा करायची होती बहुतेक. बहुतेक म्हणतेय, कारण तेव्हा मी स्वतःला असं काही सांगितलं नव्हतं. तेव्हा म्हटलं होतं, उगाच खर्च कशाला.

हीच ती गोष्ट.

नंतरचे आठ महिने आपण बोललो ते किती? दिवाळीला आलात तेव्हा जेवलात का, चहा टाकू का, एवढंच. तुम्ही बारीक झाल्या होतात, ते मला दिसलं होतं. वाटलं, माझ्यावर रुसून जेवत नसतील, बसा रुसून. मग माघात डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, आणि दत्तू तुम्हाला नाशिकला घेऊन गेला. त्या तरुण डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली आणि विचारलं, गेल्या चार-सहा महिन्यांत एखादी सोनोग्राफी झाली होती का? तेव्हा गाठ लहान असती, काहीतरी करता आलं असतं कदाचित.

दत्तू म्हणाला, नाही हो, असं कुणी सांगितलंच नव्हतं.

मी शेजारी उभी होते. माझ्या खांद्याला पर्स होती, एवढं आठवतंय. मी काही बोलले नाही.

शेवटच्या आठवड्यात मी तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला, ते तुम्हाला कळलं का? दुपारची वेळ होती, दत्तू औषधं आणायला खाली गेला होता. तुमच्या कानाशी वाकून म्हटलं, आक्का, ती दुसरी तारीख मी रद्द केली होती. तुम्ही डोळे उघडलेत. लिव्हर थकलं की रक्तात नको ते साठतं आणि माणूस भ्रमतो, हे मला पुस्तकातून माहीत आहे. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "समद्यांना पोचलं का?" मी म्हटलं, काय पोचलं, आक्का? तुम्ही डोळे मिटलेत. हे मला उत्तर होतं, की तुम्ही त्या अंगणात होतात अजून, पानांपुढं बसून? रोज एकदा तरी मी यावर विचार करते आणि रोज वेगळं काहीतरी ठरवते.

आता शास्त्राचं म्हणाल तर तिथंही गोंधळच. जन्मभर हिरडा चघळला तुम्ही, मग तुम्हालाच हे का? तुमच्या पोटात दळणारी बाई नव्हती? की होती, आणि शुगरपुढं तिचं काही चाललं नाही? की हिरड्यामुळंच दहा वर्षांपूर्वी यायचं ते आत्ता आलं? एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवते. तुमच्यासारखीच दुसरी आक्का, जिनं कधी हिरडा खाल्ला नाही, ती शेजारी उभी करून बघता येत नाही. गेल्या आठवड्यात गाईडबाईंचा फोन आला होता. तुमची डबी पुण्याच्या फ्रीजरमध्ये अजून आहे म्हणाल्या, घरच्यांची हरकत नसेल तर तपासू. तुम्ही गेलात आणि तुमचे जीवाणू तिथं गोठून शाबूत आहेत, हे ऐकून मला आधी हसू आलं. मासळी आठवली. मग त्यांना म्हटलं, कळवते. अजून कळवलेलं नाही. काहीही निघालं तरी मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावीन, अशी मला स्वतःचीच भीती वाटते. हिरडा तुमच्या उपयोगाचाच नव्हता असं निघालं तरी ती तारीख काही आपोआप परत लागत नाही.

दुसऱ्या फोटोतही काही दिसलं नसतं, असंही असू शकतं. दिसूनही हाती काही लागलं नसतं, असंही. हे मी स्वतःला सांगते, आणि ते खोटं नाही. पण मग दत्तूला सांगायला जीभ का उचलत नाही?

परवा प्रवरेच्या काठी सगळं आटोपलं, कावळा शिवला, लोक पांगायला लागले. तेवढ्यात हौसाबाई माझ्याजवळ आली. मला वाटलं गळ्यात पडून रडेल. तिनं विचारलं, "बाई, पोटाचा दुसरा फोटो कंदी? आक्का म्हनायची, वैशाली बोलावील, तवर कुनी जाऊ नका, तिचं काम हाय ते. आमी थांबलोय."

थांबलोय म्हणाली. सगळे थांबलेत, आक्का. आणि तुम्हीही थांबला होतात. डोळे पिवळे होईपर्यंत, मी बोलवीन म्हणून. तुम्ही मला अशिक्षित म्हणायला हवं होतं. गावासमोर माझी लाज काढायला हवी होती. ते सोडून तुम्ही आठ महिने माझी तारीख राखत बसलात. हे मला सहन होत नाही. याला माया म्हणू, की हट्ट, की त्या अंगणातल्या शब्दांचं मला दिलेलं उत्तर? तुमचा स्वभाव मी तीस वर्षं ओळखत होते असं मला वाटत होतं.

गाडीत बसल्यावर दत्तूनं विचारलं, कसला दुसरा फोटो? मी म्हटलं, काही नाही, जुनं काम आहे. त्यानं गाडी सुरू केली. पण तो काही खुळा नाही. तुमचाच भाऊ आहे.

काल सेंटरला फोन केला. येत्या गुरुवारी उरलेल्या एकोणचाळीस जणांची सोय केलीय. अभ्यास वगैरे काही नाही आता, नुसती माणसं तपासून घ्यायची. 'तोच, पन थोरला' याचं नाव हौसाबाईला विचारून घेतलं. जीप दोन सांगितल्यात. एक दत्तू चालवेल म्हणालाय, आणि तिथंच सगळं अडलंय. गुरुवारी तो दिवसभर त्या लोकांत असणार. कुणीतरी सहज बोलणारच, की ही तारीख खरं तर गेल्या वर्षीची. त्यांच्या तोंडून त्याला कळण्याआधी माझ्या तोंडून कळलं पाहिजे. तो विचारेल, नाशिकला डॉक्टरपुढं गप्प का उभी राहिलीस? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. कागद भरत आला तरी नाही.

आमचं काही वाजलं की तुम्ही यायचात, दोघांनाही शिव्या घालायचात आणि भाकऱ्या थापायला बसायचात. मी तुमच्या आड लपून किती भांडणं निभावली ते माझं मला माहीत. हे भांडण मोठं आहे, आक्का, आणि तुम्ही यायच्या नाहीत. या चुकीत माझा वाटा किती, ते मी ठरवायचं नाही. मी फक्त वाट्यावर बोट ठेवते. नाव त्यानं घ्यावं.

तो आत्ता आत आला. काय एवढं लिहितेस म्हणाला. मी म्हटलं, बसा जरा. वाचून दाखवते.